कॅलिपरच्या बोल्टाचे आटे गेले? आधी थांबा, मग पाना उचला

बोल्ट आवळताना पान्यावर जोर चढत जातो, चढत जातो आणि अचानक सैल पडतो. बोल्ट फिरत राहतो, पण घट्ट होत नाही. गॅरेजमध्ये याला ‘चुडी गेली’ म्हणतात, आपण ‘आटे गेले’ म्हणतो. खिडकीच्या पट्टीचा स्क्रू असता तर चाललं असतं. ब्रेकच्या कॅलिपरवर, म्हणजे पॅड चकतीवर दाबणाऱ्या भागावर, हे झालं तर हातातला पाना खाली ठेवायचा. ‘अजून अर्धा फेरा मारून बघू’ म्हणून जोर लावला की उरलेसुरले आटेही खरवडून निघतात. आणि त्या अवस्थेत गाडी चालवायची नाही, नाक्यावरच्या गॅरेजपर्यंतसुद्धा नाही. कॅलिपर निसटला की तो फिरत्या चाकाच्या आत अडकतो किंवा ब्रेकचा होज (ब्रेक ऑइलची नळी) तोडतो, आणि दोन्हीचा अर्थ एकच आहे.

माझ्या हातून हे पहिल्यांदा घडलं ते दादरला, आमच्या इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, ऐन जुलैत. पुढचे पॅड बदलायला घेतले होते. वरचा बोल्ट हलेना म्हणून बारा कोनी गोटी (बोल्टाच्या डोक्यावर बसणारं सॉकेट) लावून झटका दिला आणि बोल्टाचं डोकं गोल झालं. दुसऱ्या बाजूचा बोल्ट निघाला, तर त्याचे आटे आधीच अर्धे मेलेले होते. आधीच्या कामात कुणीतरी एअर गनने आवळलेला होता. सुदैवाने शनिवार सकाळ होती. गाडी स्टँडवर ठेवून मस्जिद बंदर स्टेशनला उतरलो, नागदेवी स्ट्रीटवरून गोटी आणि गोल झालेलं डोकं पकडणारा एक्स्ट्रॅक्टर आणला आणि संध्याकाळपर्यंत काम मार्गी लागलं. तेव्हापासून ब्रेकचं काम मी रविवारी काढत नाही. एखादा बोल्ट तुटला तर बाजार उघडा असायला हवा.

कोणता बोल्ट, कुठला आटा

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे फ्लोटिंग कॅलिपर असतो. म्हणजे पिस्टन एकाच बाजूला, आणि सगळा कॅलिपर दोन पिनांवर डावी-उजवीकडे सरकतो. या रचनेत चार जागी आटे असतात.

पहिली जागा पिनांच्या बोल्टांची. हे बोल्ट बारीक असतात, बहुधा एम ८ (म्हणजे ८ मिलिमीटर व्यासाचे), आणि डोक्याला १२, १३ किंवा १४ ची गोटी लागते. काही युरोपीय गाड्यांत बोल्टाऐवजी ७ मिलिमीटर अ‍ॅलन की लागणारी पिन असते. दुसरी जागा कॅलिपर ज्यावर बसतो त्या ब्रॅकेटच्या दोन जाड बोल्टांची, बहुधा एम १० किंवा एम १२. संपूर्ण ब्रेकिंगचा भार या दोघांवर येतो. तिसरी जागा होजचा बँजो बोल्ट, ज्याच्या पोटातून ब्रेक ऑइल वाहतं. चौथी हवा काढायचं निपल.

दुरुस्ती करायची की भाग बदलायचा, हे ठरवण्यासाठी आटे नेमके कुठल्या भागात आहेत ते आधी बघावं लागतं. पिनाचा बोल्ट पुष्कळ गाड्यांत कॅलिपरच्या कानातून जाऊन सरळ पिनेच्याच पोटात बसतो. तिथले आटे गेले तर पिन बदलली की प्रश्न संपला. पिन, रबरी बूट (पिनेवरचं आवरण) आणि ग्रीस यांचा किट सुट्या भागांच्या दुकानात सहज मिळतो. ब्रॅकेटच्या बोल्टाचे आटे काही गाड्यांत ब्रॅकेटमध्ये असतात, काही गाड्यांत नकलमध्ये, म्हणजे चाकाचं बेअरिंग धरणाऱ्या त्या मोठ्या ओतीव भागात. ब्रॅकेटमध्ये असतील तर ब्रॅकेट बदला. खरी अडचण फक्त नकलमधले आटे गेले तर येते, कारण नकल महाग असतो आणि तो काढायचा म्हणजे बेअरिंग, बॉल जॉइंट, ड्राइव्ह शाफ्ट सगळं मोकळं करावं लागतं.

माझं मत याबाबतीत पक्कं आहे: ब्रेकमध्ये जो भाग विकत मिळतो आणि बोल्टाने निघतो, तो दुरुस्त करत बसू नये. नवे आटे पाडण्याचं कौशल्य नकलसाठी राखून ठेवा.

काम सुरू करण्याआधी

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे. गाडी पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे. मागचा कॅलिपर उघडायचा असेल तर हँडब्रेक सोडावा लागतो, तेव्हा पुढच्या चाकांना ठोकळे लावल्याशिवाय पुढे जाऊच नका. मुंबईत बऱ्याच सोसायट्यांच्या आवारात पेव्हर ब्लॉक असतात. पावसात त्यांच्याखालची वाळू वाहून गेलेली असते आणि जॅकखाली एखादा ब्लॉक हळूच खचतो. जॅक आणि स्टँड दोन्हींच्या खाली जाड प्लायवूडचा तुकडा घाला. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून चाकाच्या खाचेत डोकं घालायचं नाही. स्टँड हवाच.

साहित्यात सहा कोनी गोट्यांचा सेट घ्या, बारा कोनी नको. बारा कोनी गोटी बोल्टाच्या कोपऱ्यांवरच टेकते, सहा कोनी गोटी सपाट बाजूंवर जोर देते. जुन्या पेटीतल्या इंची गोट्या बाजूला काढा. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, ती १२ च्या डोक्यावर बसल्यासारखी वाटते आणि कोपरे खाऊन टाकते. लांब दांड्याचा पाना, पोलादी ब्रश, गंज सोडवणारं तेल, हातोडी, लॉक होणारी पक्कड, बारीक कानस, डोळ्यांना गॉगल आणि एक टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळलं ते आकड्यात सांगणारा पाना. टॉर्क रेंच विकत घ्यायचा नसेल तर ओळखीच्या गॅरेजातून तासाभरासाठी मागून आणा, पण त्याच्याशिवाय शेवटचं आवळणं करू नका.

आणखी एक चूक नवख्यांकडून हमखास होते. ब्रॅकेटचे बोल्ट आतल्या बाजूने, इंजिनाकडून घातलेले असतात. आपण बाहेर बसून हात मागे घालून पाना फिरवतो, तेव्हा सोडण्याची दिशा उलटी दिसते. कितीतरी चांगले बोल्ट सोडण्याच्या नादात आवळून आवळून मारले जातात. मोबाईलचा कॅमेरा आत धरा, बोल्टाच्या डोक्याकडे समोरून बघा, आणि मग घड्याळाच्या उलट फिरवा.

न हलणारा बोल्ट

मुंबईत बोल्ट गंजणं काही नवल नाही. जून ते सप्टेंबर पाऊस, वर्षभर खारी हवा. हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या तुंबलेल्या पाण्यातून एकदा गाडी काढली की पाणी पिनांच्या बुटांपर्यंत पोचतं. वरळी किंवा वर्सोव्याला समुद्राच्या तोंडावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे बोल्ट मी दोन-तीन वर्षांत लालसर झालेले पाहिले आहेत.

आधी ब्रशने डोक्याभोवतीची आणि आट्यांच्या उघड्या टोकाची माती, गंज काढा. गंज सोडवणारं तेल मारा आणि खरोखर थांबा, अर्धा तास तरी. मग पुन्हा मारा. घाईत असाल तर हे काम आदल्या रात्रीच करून ठेवा. डोक्यावर हातोडीचे सरळ, नेमके चार-पाच ठोके द्या, गंजाची पकड त्याने तडकते. मग गोटी पूर्ण खोल बसवून एकदम झटका न देता वजन वाढवत न्या. बोल्ट थोडा सुटला की लगेच सगळा काढायचा मोह होतो. पाव फेरा सोडा, थोडा परत आवळा, तेल मारा, पुन्हा सोडा. गंजाचा चुरा आट्यांत दाटला की सुटत आलेला बोल्टही अडकून तुटतो.

पिनाचा बोल्ट सोडताना कधीकधी सगळी पिनच बोल्टाबरोबर गोल फिरते. पिनेच्या डोक्याला दोन सपाट बाजू असतात, तिथे पातळ पाना अडकवून धरा. जाड पाना आत जात नाही म्हणून पक्कड लावू नका, रबरी बूट फाटतो.

उष्णता देण्याबद्दल सावध राहा. कॅलिपर गाडीवर असताना गॅसची टॉर्च लावायची नाही. आत रबरी सील आहेत, ब्रेक ऑइल आहे, आणि होज शेजारीच आहे. ब्रेक क्लीनरच्या काही स्प्रेमध्ये क्लोरीन असलेलं द्रावक असतं, ते तापलं तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. क्लीनर मारलेल्या भागाजवळ ज्योत किंवा वेल्डिंग न्यायचं नाही, हा नियम अपवादाशिवाय पाळा.

डोकं गोल झालं असेल तर

आटे चांगले आणि डोकं गेलेलं, अशी अवस्था असेल तर हायसं वाटायला हरकत नाही. आधी एक नंबर लहान गोटी घ्या आणि ती हातोडीने ठोकून डोक्यावर बसवा. १४ च्या गोल डोक्यावर १३ ची गोटी बऱ्याचदा पक्की चढते. नाही जमलं तर आतून चक्राकार धारा असलेली एक्स्ट्रॅक्टर गोटी. ती उलट्या दिशेने फिरवताना डोक्यात रुतत जाते. तीही घसरली तर कानशीने डोक्याच्या दोन समोरासमोरच्या बाजू सपाट करून लॉक पक्कड गच्च लावा. छिन्नीने डोक्याच्या कडेला तिरके घाव घालून फिरवणं हा शेवटचा उपाय, आणि तो ब्रॅकेट गाडीतून काढून शिकंज्यात धरल्यावरच करावा.

असा निघालेला बोल्ट परत वापरायचा नाही. डोकं ठीक वाटलं तरी नाही.

बोल्ट तुटला असेल तर

थोडा खुंट बाहेर असेल तर त्यावर नट ठेवून वेल्डिंगने जोडून घेणं हा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. वेल्डिंगची उष्णता गंज मोकळा करते आणि नटामुळे पाना लावायला जागा मिळते. मात्र त्यासाठी ब्रॅकेट सुटा करून वेल्डरकडे न्या.

खुंट पृष्ठभागाच्या आत तुटला असेल तर मधोमध पंच मारून ड्रिल करावं लागतं. उलट्या फिरकीचा ड्रिल बिट मिळाला तर उत्तम, कधीकधी ड्रिल करता करताच खुंट बाहेर येतो. ड्रिल केलेल्या भोकात रुतवून खुंट उलटा फिरवणारं ‘इझी-आउट’ वापरताना हात हलका ठेवा. ते कडक पोलादाचं असतं आणि आत तुटलं तर साधा बिट त्यावर चालत नाही. नवशिक्या माणसाने हा डाव ब्रॅकेटवर खेळू नये, नवा ब्रॅकेट आणावा. जुना चालणार असेल तर कुर्ल्याला सीएसटी रोडवर सुटे ब्रॅकेट मिळतात. घेताना पिनेच्या भोकात बोट फिरवून गंजाचे खड्डे आहेत का बघा, बोल्ट हाताने पूर्ण आत जातो का बघा, तडा आहे का बघा. ब्रॅकेट जुना चालेल, पण कॅलिपर जुना घेऊ नका. त्याच्या सीलचं वय बाहेरून कळत नाही.

बोल्टाचे आटे की भोकाचे?

बोल्ट बाहेर आला की तो पुसून उजेडात धरा. आट्यांच्या खाचांत धातूची चमकदार तार गुंडाळल्यासारखी दिसली तर भोकातले आटे सोलून बाहेर आले आहेत. बोल्टाचेच आटे चपटे झाले असतील तर भोक बहुधा वाचलं आहे. खात्रीसाठी नवा बोल्ट घेऊन भोकात फक्त बोटांनी फिरवा. पाना नाही, बोटंच. तो शेवटपर्यंत अलगद जायला हवा.

नवा बोल्ट त्याच गाडीचा, अस्सल सुटा भाग म्हणून घ्या. हार्डवेअरच्या दुकानातून घेण्यात दोन धोके आहेत. पहिला आट्यांच्या अंतराचा. एम १० बोल्ट १.५ मिलिमीटर अंतराचाही असतो आणि १.२५ चाही. दुकानात सरसकट १.५ चा मिळतो, गाड्यांत बारीक आट्यांचा १.२५ पुष्कळदा असतो. चुकीचा बोल्ट दोन-तीन फेरे जातो, मग घट्ट होतो, आणि आपल्याला वाटतं गंज आहे. दुसरा धोका मजबुतीचा. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा असतो. १०.९ मधल्या १० चा अर्थ साधारण १००० मेगापास्कल ताणशक्ती, आणि .९ म्हणजे तिच्या नव्वद टक्क्यांपर्यंत बोल्ट कायमचा ताणला जात नाही. गंजाला कंटाळून लोक चकचकीत स्टेनलेसचे बोल्ट लावतात. नेहमीच्या ए२-७० स्टेनलेसची ताणशक्ती ७०० आहे. ब्रेकच्या जागी तो लावू नका.

भोकाच्या तोंडाचा एखादाच आटा वाकला असेल तर थ्रेड चेसर (आटे न कापता सरळ करणारं हत्यार) फिरवून तो सरळ होतो. नेहमीचा आटे कापणारा टॅप शक्यतो टाळा, तो चांगल्या आट्यांचाही धातू कापतो. आटे खोलवर गेले असतील तर चेसरने काही होणार नाही. टेफ्लॉन टेप, एपॉक्सी, तांब्याची तार, जास्तीचा लॉकिंग गोंद, यातलं काहीही करायचं नाही. ब्रेक तापतो, थरथरतो, आणि असला जोड तिथे टिकत नाही.

नकलमध्ये हेलिकॉइल

हेलिकॉइल हे मुळात एका कंपनीचं उत्पादन, पण आता स्टेनलेसच्या त्या स्प्रिंगसारख्या गुंडाळीला सगळेच हेच म्हणतात. जुनं भोक थोडं मोठं करायचं, त्यात खास मोठे आटे पाडायचे आणि आत ही गुंडाळी बसवायची, म्हणजे मूळ मापाचे आटे परत मिळतात. नीट बसवली तर अ‍ॅल्युमिनियमच्या नकलमध्ये ती मूळ आट्यांपेक्षाही जास्त भार घेते, कारण भार मोठ्या व्यासावर पसरतो. याशिवाय भरीव बुशाचा प्रकारही मिळतो. तो महाग, पण वारंवार उघडायच्या बोल्टाला मला तोच जास्त पसंत आहे.

सारं यश भोक सरळ पडण्यावर आहे. हातातल्या ड्रिलने दोन-तीन अंश जरी तिरकं गेलं तरी ब्रॅकेट वाकडा बसतो, पॅड एका कडेने झिजतात आणि बोल्टावर वाकवणारा ताण येतो. म्हणून पहिल्यांदाच करणाऱ्याने हे काम स्वतः करू नये. नकल उतरवून साकीनाका-अंधेरीच्या एखाद्या मशीनिंगच्या गाळ्यात न्या आणि ड्रिल प्रेसवर किंवा मिलिंगवर करून घ्या. मग तिथे उभं राहून काय बघायचं?

किट बोल्टाच्या मापाचाच हवा, आट्यांच्या अंतरासह. एम १२ × १.२५ ला एम १२ × १.५ चा किट चालत नाही. ड्रिल किटमध्ये सांगितलेल्या मापाचा, ते बोल्टाच्या व्यासापेक्षा किंचित मोठं असतं. उदाहरणार्थ एम १० × १.२५ ला साधारण १०.३ मिलिमीटर. टॅप फिरवताना कापायचं तेल, आणि एक फेरा पुढे, पाव फेरा मागे. मग भोक हवेने पूर्ण साफ. गुंडाळीची लांबी व्यासाच्या दीडपट तरी असावी. ती पृष्ठभागापासून पाव ते अर्धा फेरा आत बसली पाहिजे. वर राहिली तर ब्रॅकेट सपाट टेकत नाही. शेवटी टोकाची आडवी जीभ तोडून बाहेर काढली आहे ना, हे विचारा. शेवटी तुम्ही स्वतः नवा बोल्ट बोटांनी घालून बघा.

निपल आणि बँजो

इथे दुरुस्ती नाही, हे थेट सांगतो. या दोन्ही जागी ब्रेक ऑइलचा दाब असतो. निपल शंकूच्या टोकावर सील होतं, बँजो तांब्याच्या दोन वॉशरवर. कॅलिपरच्या अंगातले आटे गेले तर कॅलिपर बदला. निपलच तुटलं असेल आणि ओढून निघालं, आतले आटे स्वच्छ असतील, तर नवं निपल चालेल. बँजो उघडला की दोन्ही तांब्याचे वॉशर नवे, प्रत्येक वेळी. होज सुटल्यावर हवा काढणं आलंच, आणि ब्रेक ऑइल डब्यावर लिहिलेल्या ग्रेडचंच. रंगावर सांडलं तर ताबडतोब पाण्याने धुवा, रंग उकलतो.

परत बसवताना

काम चालू असताना कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवायचा नाही, तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला टांगा. कॅलिपर बाहेर असताना कुणी ब्रेकच्या पेडलवर पाय ठेवणार नाही याची काळजी घ्या, पिस्टन बाहेर येतो.

प्रत्येक बोल्ट पहिले चार-पाच फेरे बोटांनी. मग हलका पाना, मग टॉर्क रेंच. तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलचा आकडाच खरा, अंदाज यावा म्हणून सांगतो: पिनाचे बोल्ट बहुधा २५ ते ३५ न्यूटन-मीटर, ब्रॅकेटचे ८० ते ११०, निपल १० च्या आसपास. ३० न्यूटन-मीटर म्हणजे एक फूट दांड्याच्या टोकाला साधारण दहा किलोचा जोर. हाताला तो कमी वाटतो, आणि तिथेच नवा माणूस आणखी ओढतो. एम ८ चा बोल्ट असाच मरतो.

आट्यांना ग्रीस किंवा तेल लावू नका, मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तरच. तेलाने घर्षण कमी होतं आणि रेंचचा आकडा तोच असताना बोल्ट प्रत्यक्षात जास्त ताणला जातो. सिलिकॉन ग्रीस पिनेच्या सरकणाऱ्या भागाला, बुटाच्या आत. बोल्टावर आधीपासून निळा लॉकिंग गोंद होता असं दिसलं तर जुना खरवडून नवा दोन थेंब लावा.

चाक बसवून गाडी खाली घेतली की इंजिन सुरू करायच्या आधी पेडल दाबत राहा, ते घट्ट होईपर्यंत. पॅड मागे सरकलेले असतात आणि पहिल्या एक-दोन दाबांत पेडल तळाला जातं. गेटच्या बाहेर पडताना हे लक्षात आलं तर उशीर झालेला असतो. मग आवारातच चालण्याच्या वेगाने पुढे-मागे करून चार-पाच वेळा ब्रेक मारा.

बोल्टाच्या डोक्यावरून ब्रॅकेटवर येईल अशी पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवा. साधारण शंभर किलोमीटरनंतर चाक वळवून टॉर्चच्या उजेडात बघा. रेघ जुळलेली असेल तर बोल्ट जागचा हलला नाही. तुटली असेल तर तो सैल होतोय. पुन्हा आवळून सोडून देऊ नका, बोल्ट काढा आणि आट्यांची तपासणी पहिल्यापासून करा. तीच रेघ पाणी तुंबलेल्या रस्त्यातून गाडी काढल्यावर आणि दिवाळीच्या आधी एकदा बघा. पावसाळ्यानंतर पिना काढून जुनं ग्रीस पुसायचं आणि नवं भरायचं, त्याच वेळी ही तपासणीही होऊन जाते.